बीपीचं मशीन बदलून मिळण्याबाबत

आई आणि बाळ, दोघी सुखरूप आहेत. पण हे आपल्याला अजून कळलेलं नाही, तेव्हा चेहरे गंभीर ठेवावेत.

पावतीशेठनं बीपीचं मशीन औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर आपटलं. तो शेठ वगैरे कुठूनच नव्हता. प्रत्येक वस्तूची पावती जपायचा आणि वस्तू परत करायचा, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. इस्त्री, छत्री, लग्नातले बूट, सगळं त्यानं बदलून आणलं होतं. बूट तर लग्न लागल्यावर.

"मशीन खराब आहे," तो दुकानदाराला म्हणाला. "हिच्या उजव्या हाताला एकशे साठ, डाव्याला शंभर. माणूस एक, आकडे दोन."

पुरावा म्हणून त्यानं बायकोलाही आणलं होतं. तिला आठवा महिना. सकाळी कुणी चादर टर्रकन फाडावी तशी कळ तिच्या छातीत उठली आणि पाठीत उतरली. सासूबाई म्हणाल्या, पित्त. नणंद म्हणाली, गॅस. पावतीशेठ म्हणाला, आधी बीपी बघू. बघितलं, आणि बायको राहिली बाजूला, तो मशीनच्या मागे लागला.

"माझ्या दोन्ही हातांना सारखंच येतं. हिच्यातच खोट दाखवतं."

"मग ते तुझ्या घरात शोभतं," बायको बाकावरून कण्हत म्हणाली.

दुकान हॉस्पिटलच्या तळमजल्यावर होतं. रांगेत हृदयाची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरबाई खोकल्याच्या गोळ्या घ्यायला उभ्या होत्या. त्या रांग सोडून आल्या आणि त्यांनी बायकोची दोन्ही मनगटं एकदम धरली. उजवीकडे नाडी ठणठणीत. डावीकडे परक्या घरात आल्यासारखी दबकत चाललेली.

"स्ट्रेचर आणा," त्या म्हणाल्या.

स्कॅन झाला. बाईंनी त्याला समजेल असं सांगितलं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटलंय, कोटाचं फाटतं तसं, आणि रक्त दोन थरांच्या मधे घुसतंय. आधी पोट उघडून बाळ बाहेर काढायचं. मग त्याच टेबलावर छाती उघडून फाटका भाग काढायचा आणि तिथे कृत्रिम नळी शिवायची.

पावतीशेठच्या तोंडून सवयीनं निघालं, "गॅरंटी?"

"ऑपरेशनची नाही. थांबलात तर आहे, मरणाची."

त्यानं सही केली. आयुष्यात पहिल्यांदा, कागद न वाचता. मग मशीन मांडीवर घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसला. मधेमधे स्वतःच्या एका हाताला पट्टा बांधायचा, मग दुसऱ्याला. दर वेळी सारखंच यायचं. त्याचा त्याला फार राग यायचा.

पुढचं आता कळलं तरी चालेल. मुलगी रडत आली, आई टाके मिरवत घरी आली. त्यानं तपासायला धाडलेलं मशीनही कंपनीनं निर्दोष ठरवून परत पाठवलं.

"ठेव आता ते," बायको म्हणाली. "त्यानंच वाचवलं मला."

मशीन कपाटात गेलं. पण कपाट उघडलं की पावतीशेठ आधी जाऊन बायकोची दोन्ही मनगटं धरून बघायचा. शेवटी त्यानं कंपनीला अर्ज लिहिला.

'महोदय, आपले मशीन तपासणीत निर्दोष आढळले, याबद्दल आम्ही तीव्र नाराज आहोत. मूळ पावती सोबत जोडली आहे. तरी सदर मशीन परत घेऊन, तसला आकडा दाखवण्याची सोयच नसलेले दुसरे मशीन आम्हांस बदलून मिळावे, ही नम्र विनंती.'