शेवंताचा गडवा

वस्तूंवरचे थर वाचून साक्ष काढणाऱ्या कोर्टाच्या थरघरात तानूबाई बाकावर ताठ बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेला तांब्याचा गडवा होता आणि समोर घाम पुसत बसलेला जावई. कोर्टात माणसाची साक्ष बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आता वस्तूच बोलायची. लेक शेवंता याच गडव्यातलं पाणी पिऊन गेली होती. तेराव्याच्या गर्दीत तानूबाईने तो तिच्या सासरहून पदराखाली आणला होता.

"घे गं पोरी, दाखव तुझ्या यंत्राला," ती तपासणाऱ्या मुलीला म्हणाली. "या मेल्याचं विष चव्हाट्यावर येऊ दे एकदाचं."

मुलीने फडकं सोडलं. गडवा लखलखला.

"आजी, हा घासलात?"

"मग! माझ्या लेकीचं भांडं खरकटं घेऊन चारचौघांत येऊ? लोक काय म्हणतील, आईला वळण नाही? कालच चिंच-मीठ लावून चांगला घासला."

मुलीने गडवा उजेडात फिरवून पाहिला. "आजी, यंत्र फक्त सगळ्यात वरचा थर वाचतं. केसाच्या हजाराव्या हिश्शाहून पातळ. विष होतं ते तिथंच."

अख्ख्या गावाला गप्प करणाऱ्या तानूबाईने गडवा स्वतःच यंत्रापुढे सरकवला.

यंत्राने तांबं सांगितलं, चिंच सांगितली, मीठ सांगितलं आणि ते थांबलं.

जावई उठला. लग्नापासून तिच्यापुढे कधी न वाकलेला तो आज वाकून तिच्या पाया पडला.

"येतो, मामी."