बाराव्या बिशपचं साल

आखातातल्या मिरकाब भागात, आमच्या पाट्या रंगवायच्या दुकानात मी स्कॉटलंडच्या एका जुन्या धर्मप्रांतातल्या बिशपांचा बोर्ड रंगवत होतो. नाव, गादीवर आल्याचं साल, आडवी रेघ, मेल्याचं साल. बाराव्याचं मेल्याचं साल गिऱ्हाइकाच्या कागदात नव्हतं. बाहेर पन्नास डिग्री ऊन, तरी त्याचं एकट्याचं नाव तीन दिवस ओलंच.

"शत्रुघ्न, टाक कुठलंही साल आणि सुटू दे आपल्याला," पार्टनर यासिर म्हणाला आणि जेवायला निघून गेला.

मीही कंटाळलो होतो. मनानेच १२७१ टाकलं. नाव डोळ्यांदेखत सुकलं.

मग नेहमीसारखी कोपऱ्यात बारीक सही केली: शत्रुघ्न, २०२५. ब्रश धुऊन आलो.

माझ्या सालापुढे कुणीतरी आडवी रेघ ओढली होती. दुकानात मी एकटाच होतो आणि रेघ ओली होती.