पालखीची वाट

परातीतल्या मातीत कानडे गुरुजींनी काड्यांच्या ओळी रोवल्या, वर पाणी ओतलं आणि कडेला टिचकी मारली. लाट काड्यांत अडखळत विरून गेली.

“खाणीतल्या सुरुंगाचा हादरा असाच जमिनीच्या पाठीवरून धावतो आणि आपण खाण नि गावाच्या मध्ये खणलेल्या खड्ड्यांच्या ओळींत अडतो,” ते म्हणाले.

“पण गुरुजी, मधले खड्डे काल गावकऱ्यांनी बुजवून वाट केली. देवीची पालखी खड्ड्यांवरून नेत नाहीत ना!” सुगंधा म्हणाली.

गुरुजी दचकले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी मधल्या काड्या उपटून पुन्हा टिचकी मारली. लाट मोकळ्या जागेतून सरळ पलीकडच्या काठावर आदळली.

“त्या वाटेच्या तोंडाशी कुणाचं घर?”

“आमचंच. आई बाळाला घेऊन निजलीय.”

तेवढ्यात सुरुंग उडणार असल्याचा खाणीचा भोंगा वाजला. गुरुजी धोतर सावरत धावले. सुगंधाच्या घराचं दार आतून बंद होतं.

“शेवंता, बाळाला घेऊन बाहेर ये! हादरा येतोय!”

“येऊ द्या की, गुरुजी,” ती आतून हसत म्हणाली. “तुमचे खड्डे आहेत ना? आता भोंग्याला बाळसुद्धा उठत नाही.”

पायाखालची जमीन सरसरली. मातीच्या भिंती आत कोसळल्या. गुरुजींच्या मुठींखालचं दार तेवढं उभं राहिलं.