शरयूआत्याची त्रेचाळिसावी कथा

ट्रंकेत बेचाळीस छापील कथा होत्या आणि एक न छापलेली. ती अकरा पानी कथा पाठकोऱ्या उत्तरपत्रिकांवर लिहिलेली होती. शरयू नाईकवाडी सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि पेपर तपासता तपासता विज्ञानकथा लिहीत. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

त्यांची भाची इरावती ती कथा घेऊन प्रकाशकाकडे गेली.

“छापू की,” संपादक कारखानीस म्हणाले. “पण आधी पडताळणी. बाईंच्या नावाने आमचं यंत्र रोज एक कथा लिहितं. सहा हजार शंभर झाल्या. त्यात कुणी खोटी घुसवायला नको.”

“खोटी? आत्या जिवंत होती तेव्हा तुम्हीच तिच्या सात कथा साभार परत केल्यात. मेल्यावर बरी रोज लिहायला लागली!”

“चिडू नका ताई. वाचकांना त्यांची शैली पाठ आहे.”

“तिची, की तुमच्या यंत्राची?”

कारखानीसांनी नुसतं यंत्राकडे बोट दाखवलं. इरावतीने दातओठ खात अकराही पानं एकेक करून काचेवर ठेवली. यंत्राने ती शरयू नाईकवाडींच्या नावावरच्या सर्व कथांशी ताडून पाहिली.

पडद्यावर निकाल आला. तुलनेसाठी घेतलेल्या कथा: ६,१४२. अस्सल असण्याची शक्यता: चार टक्के.