फळ्यावरची नोटीस

ग्रामसभेची दवंडी सरपंच नानाजी कधी देऊच देत नसत. पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लिहिली की कायद्याचं काम झालं. ती वाचणार कोण? सभेला पाच माणसं यायची, तीही घरचीच, आणि ठराव बिनबोभाट व्हायचे. यंदाच्या मे महिन्यात गावाची नवी विहीर नानाजींच्या मळ्याला लागून खोदायचं ठरत होतं. पण सभेला येऊन पाहतात तो सारं आवार बायांनी भरलेलं.

"शकुबाई, तुमाले कोनं सांगतलं?"

"फळ्यावर वाचलं, नानाजी. उन्हाळ्याचा प्रौढ वर्ग तुमीच तं चालू केला. मास्तर म्हनते, रोज काही वाचत जा. आता गावात वाचायले दुसरं हाये तरी काय?"

नानाजींनी लिहून आणलेला ठराव हळूच खिशात घातला.

"बरं, मंग सांगा. विहीर कुठं पाह्यजे?"