बाईसाहेबांचा तोरा

गाडी नुसती गल्लीच्या तोंडाशी वळली, तरी आवाजावरून तिचा बिघाड सांगणारा मेकॅनिक म्हणून त्याचा केवढा दबदबा. एवढ्या तिखट कानांच्या माणसाच्या घरी अशी पोर जन्मावी, याचंच सगळ्यांना नवल वाटायचं. तिला गालगुंडं झाली, चार दिवस ती गाल फुगवून बसली, बरी झाली, आणि तेव्हापासून बाईसाहेबांचा तोराच वाढला. हाक मारावी तर ओ द्यायची नाही, आणि मान वळवलीच तर भलत्याच बाजूला. "लाडाने डोक्यावर बसलीय," असा आजीने निकाल दिला, आणि त्याने पोरीचा डावा कान चांगला पिळून तो अमलातही आणला.

शेवटी शाळेतल्या बाईंनी फारच लकडा लावला, म्हणून तो तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. निदान ढोंग तरी उघडं पडेल.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डावा कान पूर्ण गेलाय. गालगुंडांत क्वचित होतं असं. आता तो परत येणार नाही. इतके महिने कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

तो खुर्चीत पुढे सरकून म्हणाला,

"लहान आहे हो ती. तिला कळलं असतं, तर तिने सांगितलं नसतं का?"

डॉक्टरीणबाई पोरीच्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. "घरी सांगायचं नाही का गं, बाळा?"

"बाबांना सांगितलं होतं ना. ते म्हणाले, असली थेरं मी ऐकून घेणार नाही."