फोटोतली बाई

"डबा दाखवा आधी," डॉक्टर म्हणाले.

विमलानं पिशवीतून हिरवा डबा काढला. म्हापशाच्या इस्पितळातल्या खाटेवर तिची एकोणीस वर्षांची लेक गौरवी डोळे मिटून पडली होती. उघडले की ते हळदीसारखे पिवळे दिसत, म्हणून ती उघडतच नव्हती.

"झाडपाल्याची पावडर ती डॉक्टरांनू," विमला पुटपुटली. "नॅचरल. ती काय अपाय करतली?"

"कण्हेरसुद्धा झाडपालाच ना, ताई? तीन महिने हे पोटात गेलंय. लिव्हर सुजलंय हिचं." डॉक्टरांचा आवाज चढला. "आणि खाऊन छाती वाढेल अशी पावडर जगात नाही. तुम्हाला हे सांगितलं कोणी?"

गौरवीनं मोबाइल पुढे केला. त्यात रील चालू होतं. गोड आवाजाची एक बाई दोन फोटो दाखवत होती. 'बिफोर'मध्ये एक सुकलेली पोरगी. 'आफ्टर'मध्ये हिरव्या चोळीतली भरल्या अंगाची बाई, फक्त मानेपासून खाली. चेहरा कापलेला.

खाटेच्या पायथ्याशी उभ्या सदाशिवनं, म्हणजे पोरीच्या बापानं, मोबाइल हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. फोटोतल्या कमरपट्ट्याची कडी तुटलेली होती आणि तिथं लाल दोऱ्याची गाठ होती. ती गाठ त्यानं स्वतःच्या हातानं मारली होती.

"ह्यो मी आसंय," तो म्हणाला.

सदाशिव दशावतारात स्त्री पार्ट करायचा. पेडण्यातल्या वाड्यावाड्यांवर त्याच्या द्रौपदीला लोक हात जोडत. इब्रामपूरच्या गेल्या जत्रेत एक पोरगी मोबाइल रोखून 'काका, पोझ द्या ना' म्हणत आली होती आणि या शहाण्यानं कमरेवर हात ठेवून झकास पोझ दिली होती.

"बाये, तू माका वळखलंस नाय?"

"तीन वर्सां मी तुमचां नाटक बघूक नाय, बाबा." गौरवीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "कॉलेजातली पोरां म्हणतत, बापाशीक छाती आसा, चेडवाक नाय."

सदाशिवचं डोकं फिरलं. त्या पोरांना धरावं, रीलवालीला धरावं, की फुशारकीनं पोझ देणाऱ्या स्वतःला? त्यानं तिथल्या तिथं शर्ट काढून खाटेवर भिरकावला. मोबाइल बायकोच्या हातात कोंबला.

"काढ व्हिडिओ."

"अवो, वॉर्ड आसा ह्यो! शिस्टर येतली."

"येऊंदे!"

पन्नाशीची ती छाती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. वर पांढरे केस. तिच्यावर थाप मारून तो बोलू लागला.

"मंडळींनू, त्या फोटोतली बाई मी. नाव सदाशिव. चोळयेत दोन पंचे कोंबलेले आसत, सुतळेन बांधलेले. पावडर नाय, पंचे! त्या पंच्यांचो फोटो दाखवून ह्या मेल्यांनी माझ्या चेडवाक वीख चारल्यानी!"

आवाज वॉर्डभर गेला. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. सिस्टर तरातरा आत आल्या. विमलानं घाबरून मोबाइल खाली घेतला, पण सदाशिव हलला नाही.

सिस्टरनी दारातूनच सगळं ऐकलं होतं. त्यांनी एकदा गौरवीकडे बघितलं, एकदा त्या उघड्या छातीकडे.

"हंय काळोख आसा," त्या खिडकीकडे हात करून म्हणाल्या. "जनेलाकडे येवा. उजेडात नीट दिसतलात."